राजाच गुन्हेगार असेल तर न्याय कोणी करावा?



घरात चोरी झाली तर आपण पोलिसांकडे जातो. पोलिसांनी दाद दिली नाही तर कोर्टाची पायरी चढतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावची फिर्याद पाटलापुढे न्यावी लागे, आणि कित्येकदा ज्याच्याविरुद्ध फिर्याद तो पाटलाचाच भाऊबंद असे. कधी तर खुद्द पाटीलच असे. फिर्याद ऐकणारा तोच आणि फिर्यादीत नावही त्याचेच. अशा ठिकाणी न्याय कसला मिळणार? ही गोष्ट आपणांस पुस्तकातून शिकावी लागत नाही. घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारले तरी समजते.

आता हाच प्रश्न गावावरून देशावर नेऊन पाहा. देशाचा सत्ताधीशच आपल्या प्रजेची कत्तल करू लागला. सैन्य त्याचे, पोलीस त्याचे, कोर्टेही त्याच्याच मुठीत. तर मेलेल्यांच्या वतीने फिर्याद कोणी ऐकावयाची? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जगातील बहुसंख्य राष्ट्रांनी एक करार केला आहे. आपला भारत देश त्या करारात सामील झालेला नाही. त्याने सामील व्हावे, आणि तसा आग्रह आपल्यासारख्या सामान्य बौद्ध कुटुंबांनी सरकारपाशी धरावा, असे मला वाटते. का वाटते ते आपण शांतपणे वाचावे, बुद्धीला पटले तरच स्वीकारावे.

कंबोडियाचा धडा

कंबोडिया हा बौद्धांचा देश. १९७५ साली तेथे पोल पॉट याच्या ख्मेर रूज पक्षाने सत्ता हाती घेतली. शहरे रिकामी करून माणसांना शेतांवर हाकलण्यात आले. भिक्खूंच्या अंगावरची चीवरे उतरविली गेली, विहार बंद पडले. राजधानीतील एका शाळेचा छळतुरुंग झाला. १९७९ च्या जानेवारीत ही राजवट कोसळली, तोपर्यंत सुमारे १७ लाख माणसे उपासमारीने, सक्तमजुरीने, रोगाने आणि कत्तलीने मेली होती.

एवढे झाल्यावर त्या पोल पॉटचे काय झाले? १९९८ च्या एप्रिल महिन्यात तो मेला. कोणत्याही निःपक्षपाती न्यायालयापुढे तो कधी उभा राहिला नाही. उलट, सत्ता गेल्यानंतरही कित्येक वर्षे संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर त्याच्याच राजवटीचे प्रतिनिधी बसत होते! पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तेथे एक खास न्यायालय नेमण्यात आले. २०२२ मध्ये त्याचे खटल्यांचे काम संपले तेव्हा केवळ तीन माणसांना शिक्षा झालेली होती. तोवर अनेक गुन्हेगार आणि अनेक साक्षीदारही जग सोडून गेले होते.

यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कत्तल झाल्यावर न्यायालय शोधू लागलो तर फार उशीर होतो. न्यायालय आधीपासून उभे असले पाहिजे, आणि सत्ताधीशांनी, हातून काही घडण्यापूर्वीच, त्याचा अधिकार मान्य केलेला असला पाहिजे.

रोम येथे काय ठरले

पोल पॉटच्या मृत्यूनंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९९८ रोजी, इटलीतील रोम शहरी राष्ट्रांच्या परिषदेने एक करार संमत केला. बाजूने १२० राष्ट्रे, विरुद्ध ७, आणि तटस्थ २१. भारत तटस्थ राहिला. ६० राष्ट्रांची मान्यता पूर्ण झाल्यावर १ जुलै २००२ पासून करार अमलात आला आणि नेदरलँड्समधील हेग येथे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभे राहिले. २०२५ च्या प्रारंभी त्याची सभासद राष्ट्रे १२५ होती. कंबोडिया २००२ मध्ये सामील झाला, अफगाणिस्तान २००३ मध्ये, बांगलादेश २०१० मध्ये.

येथे एक घोटाळा टाळावा. कुलभूषण जाधव यांच्या संबंधीचा भारत-पाकिस्तान खटला ज्यात चालला ते न्यायालयही हेगलाच आहे, पण ते निराळे. तेथे राष्ट्राविरुद्ध राष्ट्र उभे राहते. मी सांगतो आहे त्या फौजदारी न्यायालयात राष्ट्र नव्हे, माणूस आरोपी म्हणून उभा राहतो.

या न्यायालयाचे नियम समजावयास कठीण नाहीत. चार प्रकारचेच गुन्हे त्याच्या कक्षेत येतात: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धातील गुन्हे आणि दुसऱ्या देशावरील आक्रमण. आरोपी राष्ट्राध्यक्ष असो, मंत्री असो वा सेनापती असो, पदाची सबब तेथे चालत नाही. खटला चालविण्याचा पहिला हक्क त्या त्या देशाच्या कोर्टांचाच असतो. देशाची कोर्टे खटला चालवीत नसतील, किंवा त्यांची तशी इच्छा वा ताकदच नसेल, तेव्हाच हे न्यायालय पुढे येते. सभासद होण्यापूर्वी घडलेल्या गोष्टींबद्दल नव्या सभासदाला मागे जाऊन जाब विचारला जात नाही. पीडितांना आपले म्हणणे मांडता येते, नुकसानभरपाईची तरतूद आहे. आणि फाशीची शिक्षा नाही. जास्तीत जास्त जन्मठेप.

नुसत्या कागदावरच्या या गोष्टी नाहीत. लहान मुलांना फौजेत ओढणारा काँगोमधील टोळीनायक थॉमस लुबांगा याला २०१२ मध्ये दोषी ठरवून १४ वर्षांची शिक्षा झाली. मालीतील टिंबक्टू येथे प्राचीन दर्गे फोडणाऱ्या माणसाला २०१६ मध्ये ९ वर्षांची शिक्षा झाली. हे वाचताना आपणांस बामियानच्या बुद्धमूर्ती आठवल्याशिवाय राहणार नाहीत. २००१ च्या मार्चमध्ये त्या सुरुंग लावून फोडल्या गेल्या तेव्हा असे न्यायालय अस्तित्वात आले नव्हते. आपण हळहळलो, निषेध केला, आणि विषय तेथेच संपला.

दिल्लीत आलेला पाहुणा

आफ्रिकेतील सुदान देशाचा अध्यक्ष ओमर अल-बशीर याच्यावर दारफुर प्रांतातील अत्याचारांबद्दल या न्यायालयाने २००९ मध्ये अटकेचे वॉरंट काढले. २०१० मध्ये दुसरे काढले, ते वंशसंहाराच्या आरोपाचे. दारफुरमध्ये गावेच्या गावे जाळली गेली होती, लाखो माणसे बेघर झाली होती. हा गृहस्थ २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यात भारत-आफ्रिका परिषदेसाठी दिल्लीत आला, सरकारचा पाहुणा म्हणून राहिला आणि परत गेला.

भारताने त्यात कोणताही कायदा मोडला नाही. करारावर सहीच नाही, तर बंधन कोठले? पण नैतिक प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. आपल्या वस्तीत एखादा माणूस आला, त्याच्यावर शेकडो घरे जाळल्याचा आरोप आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि आपण त्याला पाटावर बसवून जेवू घातले. कोणी विचारले तर म्हणालो, "त्याला धरून देण्याचे आम्ही कोठे कबूल केले होते?" हे उत्तर कायद्याला पुरते. ते सदाचाराला पुरते काय?

करुणा आणि शिक्षा

आता काही उपासक विचारतील, "आपला धम्म करुणेचा आहे. वैराने वैर शमत नाही असे आपण रोज म्हणतो. तथागतांनी अंगुलिमालालाही जवळ केले. मग शिक्षेची भाषा कशाला?"

प्रश्न योग्य आहे. पण अंगुलिमालाची कथा पुरती आठवावी. त्याने आधी शस्त्र टाकले, हिंसा सोडली, मग तो संघात आला. राजा प्रसेनजित त्याला धरावयास निघाला होता, यात राजाचे काही चुकले असे तथागत म्हणाले नाहीत. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांनी दगड मारले, तो रक्तबंबाळ होऊन परतला, तेव्हा हे आपल्या कर्माचे फळ म्हणून सोस, असेच त्याला सांगण्यात आले. करुणेने त्याच्या कृत्याचा हिशेब पुसला नाही. ज्यांनी अजून शस्त्रच टाकलेले नाही त्यांच्यासाठी ही कथा ढाल म्हणून वापरणे हा त्या कथेवर अन्याय आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीच्या सेनापतीचा प्रसंग दिला आहे. अहिंसा मानली तर अपराध्याला शिक्षा करावी की नाही, अशी सेनापतीची शंका. तेथे आलेल्या उत्तराचा आशय असा की, अपराध्याला शिक्षा झाली पाहिजे आणि निरपराध्याला होता कामा नये. शिक्षा ओढवते ती अपराध्याच्या स्वतःच्या कृत्यामुळे. कायद्याप्रमाणे शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला हिंसेचा दोष लागत नाही. करुणा आणि न्याय यांचे भांडण नाही. भांडण आहे ते न्याय आणि सूड यांचे. सूड घेणारा साक्षीपुरावा पाहत नाही, आरोपीला वकील देत नाही. न्यायालय देते. सुडाची वाट बंद करावयाची असेल तर न्यायाची वाट उघडी ठेवावी लागते.

दुसरी शंका याहून खोल आहे. "ज्याचे कर्म त्याच्यापाशी. फळ आज ना उद्या, या जन्मी नाही तर पुढच्या जन्मी मिळेलच." बंधूंनो, हे बोलणे आपण जुन्या घरातून सोबत आणले आहे! याच बोलण्याने आपल्या पूर्वजांना सांगितले होते की तुमचे हाल हे तुमच्याच मागल्या जन्माचे फळ आहे. बाबासाहेबांनी आपल्याला समजावले ते असे की जगाची नैतिक व्यवस्था कोणी देव चालवीत नाही. ती माणसांच्या बऱ्यावाईट कर्मांवर उभी असते. तसे असेल तर पोल पॉटचा न्याय पुढच्या जन्मावर सोपविता येत नाही. न्याय करणे हेही एक कर्म आहे आणि ते जिवंत माणसांनी करावयाचे आहे. आपण ते केले नाही तर ते होतच नाही. कंबोडियात आपण तेच पाहिले.

सरकारच्या हरकती

सरकारची बाजू न ऐकता त्याला दोष देणे बरे नव्हे. रोममध्ये भारताने ज्या हरकती घेतल्या त्यांत तथ्य होते. सुरक्षा समितीला या न्यायालयाकडे प्रकरणे पाठविण्याचा आणि तेथील चौकशी काही काळ थांबविण्याचा अधिकार दिला गेला. ज्या समितीत अमेरिका, रशिया आणि चीन स्वतः करार न मानता नकाराधिकार घेऊन बसले आहेत, तिला हा अधिकार का? अण्वस्त्रांचा वापर युद्धगुन्हा ठरवावा ही भारताची मागणी मान्य झाली नाही. दहशतवादाचा गुन्हाही यादीत आला नाही. या तक्रारी खऱ्या आहेत.

पण बाहेर राहून त्यांतली कोणती तक्रार दूर झाली? सुदान आणि लिबिया हे देश सभासद नव्हते, तरीही सुरक्षा समितीने २००५ आणि २०११ मध्ये त्यांची प्रकरणे न्यायालयाकडे धाडलीच. म्हणजे बाहेर राहिल्याने ती तलवार टळत नाही. उलट, सभासदाला १८ न्यायाधीशांच्या निवडणुकीत मत असते, सरकारी वकिलाच्या निवडीत मत असते, करारात दुरुस्ती सुचविण्याचा हक्क असतो. छळाच्या कारणांमध्ये राजकीय मत, वंश, राष्ट्रीयत्व, संस्कृती, धर्म, लिंग ही कारणे करारात नावानिशी आहेत. 'जात' हा शब्द नाही. तो यावा असे आपणांस वाटत असेल तर तो सुचविणारा सभासद पाहिजे.

"हा आमच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे, आमची कोर्टे समर्थ आहेत," हीदेखील एक हरकत असते. आपली न्यायसंस्था समर्थ आहे हे मीही मानतो. मग तिच्या हातात कायदा का देऊ नये? वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या करारास भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली, पण त्यासाठी स्वतंत्र फौजदारी कायदा झाला नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडातील एका खटल्याचा निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट नोंदविले की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशी कायद्यात नाहीत आणि ही उणीव तातडीने भरून काढली पाहिजे. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हे गुन्हे आले नाहीत. शिवाय, सरकारी अधिकाऱ्याने कामकाजाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला भरावयाचा तर सरकारचीच पूर्वपरवानगी लागते. पाटलाची गोष्ट येथे आठवते की नाही?

'अंतर्गत प्रश्न' हा शब्द आपण फार ऐकला आहे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथे वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा विषय तेथे नको असेच आपल्या सरकारचे म्हणणे होते. बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या आणि अस्पृश्यांनीही तसाच अर्ज करण्याचा विचार कळविला. घरचे दार वाजवून कोणी उघडत नसेल तर बाहेरचे दार वाजविण्यात देशद्रोह नाही. आणि संविधानाचे ५१ वे कलम तर राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी व तहांतील बंधनांविषयी आदर वाढविण्यास सांगतेच.

एक भाबडी आशा मात्र धरू नये. गावात आपल्या माणसावर हल्ला झाला तर हे न्यायालय धावून येणार नाही. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो राबविण्याची लढाई येथेच लढावी लागेल. हेगच्या न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत, आणि २०२५ मध्ये अमेरिकेने त्याच्या न्यायाधीशांवर व अधिकाऱ्यांवर निर्बंधही लादले. ते दुबळे आहे. पण संख्येने मोठे देश बाहेर राहिले म्हणूनही ते दुबळे आहे. दुबळेपणा तरीही कायमचा नसतो: दारफुरच्या अत्याचारांतील एका टोळीप्रमुखाला ऑक्टोबर २०२५ मध्ये दोषी ठरविण्यात आले. वीस वर्षे लागली, पण निकाल आला.

आपल्यालाही लागू पडेल असा न्याय

शेवटी एक कडू गोष्ट. म्यानमार हा बुद्धाला मानणारा देश. २०१७ च्या ऑगस्टपासून तेथील लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून आले. म्यानमार सभासद नाही, पण बांगलादेश आहे. माणसे त्याच्या सीमेत हाकलली गेली, म्हणून २०१९ मध्ये न्यायाधीशांनी चौकशीस परवानगी दिली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग यांच्याविरुद्ध वॉरंट मागण्यात आले. आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन, ज्यांच्यावर २०२३ पासून वॉरंट होते, मंगोलियात आले तेव्हा त्यांना अटक झाली नाही. मंगोलिया सभासद आहे, आणि बौद्धही आहे.

अशा वेळी "ते आपले धम्मबांधव आहेत" म्हणून आपण गप्प राहावे काय? गप्प राहिलो तर आपल्याला छळणाऱ्यांचे भाऊबंद जसे गप्प राहिले तसेच आपण झालो. चीवराला मान द्यावा, पण चीवराआडच्या हिंसेला नव्हे. जो न्याय केवळ दुसऱ्यासाठी मागितला जातो तो न्याय नसतो, ते वैर असते. म्हणूनच या करारात मला मोल वाटते: त्यात सामील होणारे सरकार "दुसऱ्याला शिक्षा करा" एवढेच म्हणत नाही, ते "उद्या माझ्या हातून घडले तर मलाही विचारा" असे म्हणते. पंचशील घेताना आपण नेमके हेच करतो. दुसऱ्याने काय करू नये हे आपण म्हणत नाही, आपण स्वतःला बांधून घेतो. जे एका माणसाला शोभते ते राष्ट्राला का शोभू नये?

तर आपण काय करावे? तह करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे आणि त्यासाठी कायदा करण्याचा अधिकार, कलम २५३ प्रमाणे, संसदेचा. म्हणून आपल्या खासदाराला पोस्टकार्ड लिहा: सरकार रोम करारात केव्हा सामील होणार, आणि वंशसंहाराविरुद्धचा कायदा केव्हा आणणार, हा प्रश्न सभागृहात विचारा. पौर्णिमेच्या दिवशी विहारात वंदनेनंतर हा विषय वाचून दाखवा, ठराव करा, तो परराष्ट्रमंत्र्यांना पाठवा. मात्र ठराव करून स्वस्थ बसू नका. नेपाळच्या प्रतिनिधीसभेने २००६ मध्येच असा ठराव करून सरकारला सांगितले होते, पण सरकारे बदलत गेली आणि सही राहूनच गेली. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींना हे चार गुन्हे कोणते ते पाठ करावयास सांगा. जे नावाने ओळखता येते त्याविरुद्ध बोलता येते.

माझ्या एका पत्राने काय होणार, असे मनात येईल. पाटलापुढे हात जोडून उभे राहणाऱ्या आपल्या पणजोबालाही असेच वाटत असेल. त्याच्या नातवंडांनी कोर्टाची पायरी चढावी म्हणून कोणीतरी पहिला अर्ज लिहिलाच होता ना?

जय भीम! सर्वांचे मंगल होवो.